कोणाचीच नसलेली वही
(विकेंद्रित प्रोटोकॉल चालवतो कोण आणि पोसतो कोण, याची एक चिकित्सा)

मार्च २०२२ च्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून एक बातमी आली. तिथल्या रहिवाशांच्या जातीच्या ६५,००० दाखल्यांची नोंद 'पॉलिगॉन' नावाच्या ब्लॉकचेनवर करण्याचे काम महाराष्ट्र शासनाने हाती घेतले होते. लेजिटडॉक या कंपनीने त्यासाठी व्यवस्था उभी केली होती. दाखल्यावर क्यूआर कोड छापायचा आणि तो तपासला की दाखला अस्सल की बनावट हे कोणालाही कळावे, अशी योजना. तिचे कौतुक बरेच झाले. चिकित्सा मात्र माझ्या वाचनात फारशी आली नाही.

जातीचा दाखला ही महाराष्ट्रात साधी गोष्ट नाही. शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, पंचायतीची उमेदवारी, सगळे त्या एका कागदावर अडते. असा कागद ज्या वहीत नोंदवला, ती वही कोणाची आहे? तंत्रज्ञ सांगतात, कोणाचीच नाही आणि म्हणूनच ती भरवशाची आहे. तिचा प्रोटोकॉल, म्हणजे वही कशी लिहायची आणि कशी जुळवून पाहायची याचे नियम, सर्वांना खुला आहे. ती चालवणारी आज्ञावली मुक्तस्रोत आहे, कोणीही वाचावी, उतरवून घ्यावी. वहीच्या प्रती जगभर शेकडो संगणकांवर आहेत. सरकार बदलले, कचेरीला आग लागली, कारकुनाने लाच घेतली, तरी नोंद बदलणार नाही. हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहायचे आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. दाखल्यातला मजकूर एका गणिती प्रक्रियेतून काढला की ठरावीक लांबीची अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. मूळ मजकुरात एक वेलांटी बदलली तरी ही ओळ पार बदलते, आणि ओळीवरून मूळ मजकूर काढता येत नाही. ब्लॉकचेनवर दाखला जात नाही, ही ओळ जाते. उद्या कोणी दाखला पुढे केला तर त्याची ओळ पुन्हा काढायची आणि वहीतल्या ओळीशी ताडून पाहायची. जुळली तर कागदात फेरफार झालेला नाही.

बस्स, इतकेच. कागदात फेरफार नाही एवढेच सिद्ध होते. कागदावर लिहिलेले खरे आहे, हे नाही. एटापल्ली-भामरागडच्या माडिया गोंड कुटुंबाची अडचण बनावट दाखल्याची क्वचितच असते. दाखला मुळात मिळण्याची असते. अनुसूचित जमातीसाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक धरला जातो. त्या दिवशी किंवा त्याआधी आपले घराणे इथे राहत होते याचा कागदी पुरावा मागितला जातो, आणि जिथे त्या काळी शाळाच नव्हती तिथे शाळा सोडल्याचा दाखला कोठून आणायचा? पुढे जात पडताळणी समिती आहेच. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि राज्याने केलेल्या कायद्यानंतर पडताळणीशिवाय नुसत्या दाखल्याला फारसे मोल उरत नाही. म्हणजे लेखणी उपविभागीय अधिकाऱ्याच्या हाती, रबरी शिक्का समितीच्या हाती, आणि विकेंद्रित काय, तर त्या दोघांनी लिहिलेल्याची सावली. हा दोष पॉलिगॉनचा नव्हे. पण 'विकेंद्रित' हा शब्द योजनेच्या नेमक्या कोणत्या थराला लागू आहे, हे सांगण्याची जबाबदारी योजना मांडणाऱ्यांची होती.

आता तो थर पाहू.

पॉलिगॉन मूळचे आपल्याकडचेच. २०१७ मध्ये 'मॅटिक नेटवर्क' या नावाने जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते सुरू केले. सर्बियाचे मिहायलो बेलिच नंतर सहसंस्थापक म्हणून आले. सुरुवातीचा मुक्काम मुंबई. इथेरियम ही मोठी ब्लॉकचेन व्यवहारामागे जबर शुल्क घेत असे, तिला जोडून एक स्वस्त वाट काढायची ही कल्पना. चाचणीसाठी त्यांनी जे वेगळे जाळे ठेवले होते त्याचे नावच 'मुंबई' होते. काही वर्षे जगभरचे प्रोग्रॅमर 'मुंबई'वर आपापली कामे तपासून पाहत. एप्रिल २०२४ मध्ये ती 'मुंबई' बंद झाली आणि 'अमॉय' आली, कारण 'मुंबई' ज्या इथेरियमच्या चाचणी-जाळ्यावर उभी होती तेच मोडीत निघाले. चाचणीच्या जाळ्याचे एवढे मनावर घ्यायचे कारण नाही. पण खालचा थर सरकला की वरच्याला घर बदलावे लागते, हे त्यातून दिसते.

पैशाचे पाहा. मॅटिकने एकंदर १० अब्ज टोकन काढायचे ठरवले. एप्रिल २०१९ मध्ये त्यातले १९ टक्के बायनान्स या बाजाराच्या मंचावर विकून सुमारे ५० लाख डॉलर उभे केले. उरलेल्याची जाहीर वाटणी अशी: संस्थापक आणि चमू १६ टक्के, सल्लागार ४ टक्के, फाउंडेशन २१.८६ टक्के, परिसंस्थेच्या वाढीसाठी २३.३३ टक्के, जाळे राखणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी १२ टक्के, आणि आधीच्या खासगी विक्रीत ३.८० टक्के. ही वाटणी त्या काळच्या इतर प्रकल्पांच्या मानाने काही वावगी नव्हती. पण बेरीज करून पाहा. चमू, सल्लागार, फाउंडेशन आणि परिसंस्था निधी मिळून ६५ टक्क्यांच्या वर जातात, आणि यातला कोणताही वाटा कोणी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती नव्हता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नाव पॉलिगॉन झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सिकोया कॅपिटल इंडियाच्या पुढाकाराने ४५ कोटी डॉलरची टोकनविक्री गुंतवणूकदार संस्थांना झाली. एटापल्लीची बातमी त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आली.

तेव्हा 'कोणाचीच नाही' हे विधान मालकीच्या बाजूने तपासले की टिकत नाही. वहीच्या प्रती विखुरलेल्या आहेत, भागभांडवल विखुरलेले नाही.

निर्णयांचे काय? इथे एक प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण विकेंद्रीकरणाची खरी कसोटी संकटात लागते, पत्रकात नव्हे. ३ डिसेंबर २०२१ रोजी एका सुरक्षा-संशोधकाने कळवले की पॉलिगॉनच्या मूळ करारात (म्हणजे टोकनचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीत) असे भोक आहे की त्यातून जवळजवळ सगळे, सुमारे ९.२७ अब्ज टोकन उपसून नेता येतील. हाताशी वेळ नव्हता. जाहीर चर्चा केली तर चोरालाही कळणार. संस्थापकांनी जाळे राखणाऱ्यांना, म्हणजे व्हॅलिडेटरांना, गाठून ५ डिसेंबरला नवी आवृत्ती चढवली. दरम्यान ८,०१,६०१ टोकन चोरीला गेलेच. तो तोटा फाउंडेशनने सोसला. दोन संशोधकांना मिळून सुमारे ३४ लाख ६० हजार डॉलरचे बक्षीस दिले गेले. आणि जगाला काय घडले ते २९ डिसेंबरला सांगितले.

मी यात कोणाला खलनायक करणार नाही. जे केले ते शहाणपणाचे होते. बँकेची तिजोरी उघडी राहिली असेल तर मॅनेजर आधी कुलूप लावतो, मग नोटीस बोर्डावर कागद लावतो. पण मग मॅनेजर आहे, हे मान्य करावे लागते. मोजके लोक दोन दिवसांत 'बदलता न येणाऱ्या' वहीचे नियम बदलू शकले, बाकीच्यांना तीन आठवडे पत्ता नव्हता. नशीब, ते लोक भले होते. व्यवस्थेचे गुण मात्र भल्या माणसांच्या हजेरीत मोजायचे नसतात.

त्याच वर्षी दुसरा एक वाद झाला. इथेरियमवर पॉलिगॉनचे जे करार आहेत, ज्यांत लोकांचे पैसे अडकलेले असतात, ते बदलण्याच्या किल्ल्या आठ जणांकडे होत्या आणि त्यांतल्या पाच सह्या पुरत. आठांतले चार पॉलिगॉनचेच संस्थापक. गृहनिर्माण संस्थेच्या बँक खात्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्यापैकी दोघांच्या सह्या लागतात, तसलाच हा प्रकार. फक्त सोसायटीच्या खात्यात काही लाख असतात आणि इथे अब्जावधी डॉलर.

आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात ज्याने घर घेतले आहे त्याला ही गोष्ट एका शब्दात कळेल: कन्व्हेयन्स. इमारत उभी राहते, सोसायटी नोंदली जाते, सभासद मेंटेनन्स भरतात, गणपती बसवतात, आणि जमीन मात्र वर्षानुवर्षे बिल्डरच्या नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याने सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची आहे. ती होत नाही म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आणावी लागली. खरवईतून स्टेशनकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्या सोसायट्या दिसतात त्यांच्या कोणत्याही सचिवाला विचारा, तो हा विषय तासभर सांगेल. विकेंद्रित प्रोटोकॉलच्या जगातही इमारत लवकर उभी राहते, रहिवासी लवकर येतात, आणि अपग्रेडच्या किल्ल्या संस्थापकांकडेच राहतात. 'हळूहळू विकेंद्रीकरण करू' असे आश्वासन असते. त्या जगात मोफा नाही आणि जिल्हा उपनिबंधकही नाही.

पॉलिगॉनने या बाबतीत नंतर पाऊल उचलले, हे नोंदवायला हवे. २०२३ मध्ये तेरा सदस्यांचे 'प्रोटोकॉल कौन्सिल' जाहीर झाले. नेहमीच्या बदलाला तेरांपैकी सातांची संमती आणि दहा दिवसांची मुदत, आणीबाणीत दहांची संमती आणि मुदत नाही. दहा दिवसांची मुदत यासाठी की ज्याला बदल मान्य नाही त्याने आपले पैसे काढून निघून जावे. सूचना मांडण्याची रीतही ठरली. पॉलिगॉन इम्प्रूव्हमेंट प्रपोजल या नावाने कोणीही लेखी प्रस्ताव द्यावा, त्यावर उघड चर्चा व्हावी. आठ जणांच्या जागी तेरा जण आले, त्यांत बाहेरचे जाणकार आले, ही प्रगतीच. पण हे तेरा निवडले कोणी? पहिली यादी पॉलिगॉननेच जाहीर केली. प्रमोटरने नेमलेली तात्पुरती कमिटी म्हणतात ती हीच.

मग निवडणूक का घेत नाहीत, असे सहकाराच्या मुलखातला माणूस साहजिकच विचारेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम २७ सांगते की भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून कोपऱ्यावरच्या पतपेढीपर्यंत हे तत्त्व आपण गृहीत धरतो. (त्या एका मताचे पुढे काय होते ते आपण जाणतो, पण तत्त्व तरी कायद्यात आहे.) प्रोटोकॉलच्या जगात हे तत्त्व लावता येत नाही, त्याला एक खरे तांत्रिक कारण आहे. तिथे सभासदाची ओळख म्हणजे एक किल्ली, आणि एक माणूस संध्याकाळपर्यंत दहा हजार किल्ल्या बनवू शकतो. डोकी मोजण्याची सोय नाही, म्हणून टोकन मोजतात. एक टोकन, एक मत. ज्याच्याकडे दहा लाख टोकन त्याला दहा लाख मते. हे कंपनीच्या भागधारकांच्या सभेसारखे झाले, सहकारासारखे नव्हे. आणि टोकन बाजारात विकत मिळत असल्यामुळे मतही विकत मिळते, तेही कायदेशीर. शिवाय बहुतेक टोकनधारक मतदानाला येतच नाहीत.

दुसरा मार्ग मतदानच न करण्याचा. इंटरनेटचे मूळ प्रोटोकॉल ठरवणारी आयईटीएफ ही संस्था १९८६ पासून याच रीतीने चालते. तिच्यात सभासदत्व नाही, मतपेटी नाही. चर्चा करायची, आक्षेप ऐकायचे, आणि 'ढोबळ सहमती' झाली असे दिसले की पुढे जायचे. आक्षेप कितीजणांचा यापेक्षा आक्षेपात दम किती, हे पाहायचे. बिटकॉइनचे काम बरेचसे असेच चालते. ही कल्पना परदेशी वाटत असेल तर पुन्हा गडचिरोलीतच या. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव ग्रामसभेत बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे या गावाचे नाव सर्वदूर झाले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते, आणि बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक-पासचे पुस्तक एप्रिल २०११ मध्ये वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आले. अभ्यास गट वेगळा आणि निर्णय घेणारी सभा वेगळी, ही त्यांची पद्धत आयईटीएफच्या कार्यगटांची आठवण करून देते.

फरक एवढाच की मेंढ्याला माणसे ठाऊक आहेत. कोण बोलले नाही, कोण रुसले, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून सभेला आला नाही, हे कळते. सहमतीला ओळख लागते. अनोळख्यांची सहमती म्हणजे बहुतेक वेळा ज्यांना बसायला वेळ आहे त्यांची सहमती, आणि वेळ त्यांनाच असतो ज्यांना पगार मिळतो.

सहमती तुटली तर काय होते, हेही दोनदा दिसले. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या सामूहिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर पळवले गेले. जुलैत बहुसंख्यांनी नियम बदलून ते परत आणले, आणि ज्यांना ते अधर्म वाटले ते जुनी वही घेऊन 'इथेरियम क्लासिक' म्हणून वेगळे झाले. बिटकॉइनमध्ये एका पानावर किती व्यवहार मावावेत यावरून वाद पेटला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी 'बिटकॉइन कॅश' वेगळी निघाली. मुक्तस्रोत जगाचे खरे ब्रह्मास्त्र हेच: पटत नाही तर आज्ञावली उचला आणि दुसरी चूल मांडा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले होते की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा निघून जाणे. प्रोटोकॉलचा कारभार आवाजावर कमी आणि निघून जाण्याच्या धमकीवर जास्त चालतो. पॉलिगॉनचेच उदाहरण डिसेंबर २०२४ मधले आहे. पुलावर पडून असलेले एक अब्ज डॉलरहून जास्त स्थिर टोकन व्याजाने लावावेत असा प्रस्ताव आला. 'आवे' या मोठ्या कर्जव्यवहार-प्रोटोकॉलच्या लोकांनी सांगितले, हा धोका आम्हाला नको, असे होणार असेल तर आम्ही पॉलिगॉनवरून निघतो. प्रस्ताव मागे पडला. कोणत्याही मतदानापेक्षा या एका धमकीने काम केले.

आता या हिशेबात एटापल्लीचा दाखलाधारक कोठे बसतो ते पाहा. त्याच्याकडे टोकन नाही, म्हणून मत नाही. तो प्रस्तावाच्या चर्चेत नाही; ती इंग्रजीत आहे, आणि त्याला ती चालली आहे हेही ठाऊक नाही. आणि तो निघूनही जाऊ शकत नाही, कारण दाखला कोणत्या वहीत नोंदवायचा हे त्याने ठरवलेले नाही. व्यापाऱ्याला दहा दिवसांची मुदत पुरते. ज्याचा कागद तीस वर्षांनी त्याच्या मुलाला पुरावा म्हणून लागणार आहे, त्याला ती कशी पुरावी? मुक्तस्रोत कारभाराच्या चर्चेत 'समुदाय' हा शब्द सारखा येतो. त्या समुदायात वापरणारे असतात, बनवणारे असतात, गुंतवणारे असतात. ज्यांच्यासाठी दुसऱ्यानेच वापरले, असे लोक त्यात मोजलेलेच नसतात.

खर्चाकडे येतो, कारण तिथे गाठ आणखी घट्ट आहे.

प्रोटोकॉल सुरू करायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही, ही जुनी रड आहे. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' दोष सापडला तेव्हा जगाला कळले की बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वांची कुलपे ज्या ओपनएसएसएलवर आहेत ते मूठभर लोक जवळजवळ फुकट सांभाळत होते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी काढला. तरी दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, 'एक्सझेड' या दाब-आज्ञावलीत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. एकटा, थकलेला देखरेखकार होता. मदतीला म्हणून आलेल्या अनोळखी माणसाने दोन-तीन वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवला आणि मग दगा दिला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीस आले.

टोकनवाल्या प्रोटोकॉलांनी याला एक उत्तर काढले, आणि ते मला कल्पक वाटते. वहीनेच आपला खर्च भागवावा. सप्टेंबर २०२४ पासून पॉलिगॉनचे जुने मॅटिक टोकन जाऊन 'पोल' आले, आणि नियम असा की दरवर्षी सुमारे दोन टक्के नवे टोकन निघतील. एक टक्का जाळे राखणाऱ्यांना, एक टक्का सामुदायिक तिजोरीत. १० अब्जांचा एक टक्का म्हणजे वर्षाला १० कोटी टोकन. त्यातून दहा वर्षांत एक अब्ज टोकन अनुदान म्हणून वाटायचे ठरले. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्तीसाठी किमान पाऊण टक्का घ्यायचा असतो, तसेच हे. पण एक भेद आहे. सोसायटीचा निधी रुपयांत असतो. ही तिजोरी आपल्याच टोकनमध्ये. बाजार वर असेल तेव्हा तिजोरी फुगते आणि गरज नसलेले प्रकल्पही अनुदान घेऊन जातात. बाजार पडला की देखरेखीचा पैसा नेमका तेव्हाच आटतो. इमारतीला गळती लागली की सिंकिंग फंडही गळू लागावा, असा हा हिशेब.

पैसा वाटायचा कसा, यावरही प्रयोग झाले. २०१८ मध्ये व्हिटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वेल यांनी वर्गमुळांवर आधारलेली एक रीत मांडली, गिटकॉइनने ती चालवून पाहिली. मंडळाच्या वर्गणीने समजावतो. एका कामाला शंभर घरांनी दहा-दहा रुपये दिले, दुसऱ्या कामाला एकाच शेटजींनी हजार दिले. पावत्यांची बेरीज दोन्हीकडे हजारच. पण प्रत्येक वर्गणीचे वर्गमूळ काढून बेरीज करा आणि त्या बेरजेचा वर्ग करा. शेटजींच्या कामाचे हजारच राहतात, शंभर घरांच्या कामाचे एक लाख होतात. सामाईक निधीतली भर या प्रमाणात घालायची. म्हणजे पैशापेक्षा माणसे जड. सुंदर गणित आहे. पण मंडळाचे पावतीपुस्तक पाहिलेला कोणीही पहिला प्रश्न विचारील, शंभर नावे खरी कशावरून? फिरून पुन्हा डोकी मोजण्यापाशी येतो.

आपल्या देशात दोन वेगळ्या वाटा आहेत. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर देण्याचा निधी जाहीर केला. ज्यांच्या फुकट आज्ञावलींवर आमचा धंदा उभा राहिला त्यांचे देणे, अशी भूमिका. चांगली आहे, पण दान आहे. दात्याचा नफा टिकेल तोवर. दुसरी वाट यूपीआयची. मुंबईतले नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ते चालवते. ते मुक्तस्रोत नाही, विकेंद्रितही नाही. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही असे ठरले, म्हणून बँकांचा खर्च अंशतः सरकार भरून देते. २०२४-२५ साठी मंत्रिमंडळाने १,५०० कोटी रुपये मंजूर केले. तो खर्च कोणी करावा यावर वाद आहेत, पण वाद घालायला संसद आहे, रिझर्व्ह बँक आहे, माहितीचा अधिकार आहे. मालक असण्याचा एवढा फायदा तर आहेच, की गचांडी धरता येते.

एटापल्लीच्या बाबतीत एक थर अजून सांगायचा राहिला, आणि मला तोच सर्वांत कच्चा वाटतो. खाली इथेरियम, त्यावर पॉलिगॉन. या दोन्हींना पैसा आहे, माणसे आहेत. वर सरकारी कचेरी. तिला पगार आहे. मध्ये जो पातळ पापुद्रा आहे, म्हणजे क्यूआर कोड वाचणारे पान, दाखल्याचा मजकूर नेमक्या कोणत्या क्रमाने जोडून हॅश काढायची ती पद्धत, आणि नोंद वहीत कुठे आहे ते सांगणारा पत्ता, तो कोणाच्या जिवावर आहे? अशा योजनांत हा पापुद्रा सहसा एखाद्या नवउद्योगाचा असतो. कंपनी बंद झाली तर वहीतली ओळ शाबूत राहील, आणि ती कशाची ओळ आहे हे सांगणारा कोणी उरणार नाही. मोडी येणारा माणूस गेला आणि दप्तर उरले, अशी गत.

पॉलिगॉनच्या बाजूलाही माणसे बदलत राहिली. अनुराग अर्जुन मार्च २०२३ मध्ये बाहेर पडले, जयंती कनानी यांनी त्याच वर्षी रोजच्या कामातून अंग काढले, बेलिच मे २०२५ मध्ये गेले, आणि जूनमध्ये नैलवाल फाउंडेशनचे मुख्य कार्यकारी झाले. कारण असे दिले गेले की निर्णय वेगाने आणि एका दिशेने व्हावेत. कारण खरेही असेल. मार्च २०२२ मध्ये, एटापल्लीच्या बातमीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, हे जाळे अकरा तासांच्या आसपास बंद पडले होते. असे प्रसंग एकहाती नेतृत्वाचा मोह वाढवतात. पण चारांचा एक होणे याला मराठीत विकेंद्रीकरण म्हणत नाहीत.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो महागही नाही. १९९५ पासून स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांची कंपनी कागदपत्रांच्या हॅशांची एकत्रित ओळ दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत असे. वृत्तपत्राच्या लाखो प्रती ग्रंथालयांत पडून. त्या सगळ्या जाऊन कोण बदलणार? टोकन नाही, मतदान नाही, तिजोरी नाही. बिटकॉइनच्या मूळ निबंधात या दोघांच्या कामाचे संदर्भ आहेत. आपल्याकडे शासन राजपत्र आहे. ६५,००० दाखल्यांची एकत्रित हॅश एका ओळीत मावते. ती राजपत्रात छापता आली असती, सोबत हॅश काढण्याची पद्धत सोप्या मराठीत देता आली असती, आणि हवी तर पॉलिगॉनवरही नोंदवता आली असती, म्हणजे एका वहीवर भिस्त राहिली नसती.

असे काही केले आहे का, हे विचारण्याची सोय माहितीच्या अधिकारात आहे. उपविभागीय कार्यालयाकडे चार गोष्टी मागता येतील: कराराची प्रत आणि त्याची मुदत; नोंदी ज्या करारपत्त्यावर आहेत तो पत्ता; हॅश काढण्याच्या पद्धतीचा लेखी तपशील; आणि कंपनी किंवा जाळे बंद पडल्यास पडताळणी कशी होणार, याविषयीचे टिपण. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. एटापल्ली, भामरागडच्या कोणा शिक्षकाने किंवा वकिलाने तो केला, तर उत्तर वाचायला मला आवडेल. चौथ्या मुद्द्याचे उत्तर विशेष काळजीने वाचावे.